पिण्याचे पाणी : जलशुद्धीकरण केंद्रापासून दवाखान्यापर्यंत

डॉक्टर मंडळींच्या स्मरणिकेत एका पाणीपुरवठा अभियंत्याने लेख लिहावा, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु टायफॉइड, कॉलरा, कावीळ, अतिसार या व्याधींच्या बाबतीत आपले काम व आमचे काम एकमेकांना इतके लागून आहे की, आमच्याकडील उणीव प्रथम आपल्याच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसते. पुष्कळदा ती आम्हाला कळण्यापूर्वी आपल्याला कळते. शहराचे पाणी निर्धोक आहे हे वरिष्ठ अभियंत्याला कशावरून समजते, कोणत्या गोष्टी त्याला त्याच्या साधनांनी समजूच शकत नाहीत, आणि तेथे त्याला डॉक्टरांची गरज का भासते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अभियंत्याच्या टेबलावरचे तीन आकडे

धरणातून वा नदीतून आलेले कच्चे पाणी, त्यात तुरटी, मग निवळण, वाळूच्या गाळण्या आणि शेवटी क्लोरीन, हा क्रम आपण वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम या विषयात शिकलेला आहात. हॉरॉक्सच्या उपकरणातील सहा पांढरे पेले आणि एक काळा पेला तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री अनेकांच्या स्वप्नातही आले असतील. तेव्हा त्याचा विस्तार येथे करीत नाही.

या सर्व प्रक्रियेनंतर अभियंत्याच्या टेबलावर रोज मुख्यतः तीन आकडे येतात. पहिला गढूळपणाचा. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार तो १ एनटीयूपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावा. दुसरा आकडा उर्वरित मुक्त क्लोरीनचा. तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असला पाहिजे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. तिसरा जिवाणू परीक्षणाचा: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये.

पहिले दोन आकडे काही मिनिटांत हाती येतात. तिसऱ्याला एक-दोन दिवस लागतात, कारण जिवाणू वाढेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. सोमवारी सकाळी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल बुधवारी आला आणि त्यात पाणी दूषित निघाले, तर ते पाणी सोमवारीच स्वयंपाकात वापरून, पिऊन संपलेले असते. ग्रामीण भागात वापरली जाणारी, पाणी दूषित असल्यास काळी पडणारी एच-टू-एस बाटलीसुद्धा याला अपवाद नाही. (ही स्वस्त व सुटसुटीत चाचणी आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली, ही गोष्ट ग्वाल्हेरकरांनाही फारशी ठाऊक नसते.) म्हणजे ज्या परीक्षणाला आपण प्रमाण मानतो, ते नेहमी घडून गेलेल्या गोष्टीचा वृत्तान्त देते. चालू घडीची माहिती देणारे साधन एकच, ते म्हणजे उर्वरित क्लोरीन.

म्हणूनच या आकड्याच्या बाबतीत हयगय झाली, तर दोष फार मोठा समजावा. ऑर्थोटोलिडीनची, म्हणजे आपल्या बोलण्यातील ओटी टेस्ट, कशी वाचावी हे सांगायला हवे. नळीत पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे, असे हाताखालचा मनुष्य सांगतो. परंतु पहिल्या दहा सेकंदांत येणारा रंग मुक्त क्लोरीनचा असतो. पाच-दहा मिनिटांनी गडद होणाऱ्या रंगात अमोनियाशी संयोग पावलेले क्लोरीनही मिळालेले असते, आणि हे संयुक्त क्लोरीन जंतुनाशक म्हणून बरेच दुबळे असते. सांडपाण्यात अमोनिया असतो. तेव्हा पाण्यात सांडपाणी मिसळले असेल, तर मुक्त क्लोरीन संपून नेमका हा उशिरा येणारा पिवळा रंग दिसतो. सावकाश चाचणी वाचणाऱ्याला संकटाच्या दिवशीही सर्व ठीक दिसणार! ऑर्थोटोलिडीन हे रसायन आरोग्यास घातक असल्याने आता गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्या वापरणे इष्ट मानले जाते. पण त्याही ताबडतोब वाचाव्या लागतात.

दिल्लीचा धडा

आकडे योग्य असूनही पाणी रोगकारक असू शकते, याचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण आपल्या देशाच्या राजधानीतले आहे. १९५५ साली पुरानंतर यमुनेच्या पात्राने आपली धार बदलली. वझिराबादला जेथे शहरासाठी पाणी उचलले जाई, त्याच्या खालच्या अंगाला नजफगड नाला नदीस मिळत असे. नोव्हेंबरमध्ये त्या नाल्याचे सांडपाणी उलटे वर चढून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. तेथील मंडळी गाफील नव्हती. पाणी बिघडल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. त्याचा उपयोगही झाला. टायफॉइड व आमांश यांची साथ उसळली नाही.

परंतु डिसेंबरपासून शहरात कावीळ सुरू झाली. जानेवारी १९५६ पर्यंत चाललेल्या त्या साथीत डोळे पिवळे झालेल्या रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० होती, असा डॉ. विश्वनाथन यांच्या अभ्यासाचा अंदाज आहे. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. पुढे पंचवीस वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तद्रवाची तपासणी झाली तेव्हा ती हिपॅटायटिस 'ए' नव्हती हे सिद्ध झाले. आज आपण तिला हिपॅटायटिस 'ई' म्हणतो.

वाढवलेल्या क्लोरीनने जिवाणू मारले. विषाणू त्यातून सुटले. सेंद्रिय मैला क्लोरीन खाऊन टाकतो, अमोनिया त्याला दुबळा करतो, आणि आमचा निर्देशक जो ई. कोलाय, तो विषाणूपेक्षा कितीतरी लवकर मरतो. म्हणून ई. कोलाय नाही, एवढ्यावरून विषाणूही नाहीत, असे म्हणता येत नाही. दिल्ली दूर वाटत असेल तर २०१२ साली आपल्या शेजारच्या इचलकरंजीत आलेली काविळीची मोठी साथ आठवावी. आपल्यापैकी काहींनी त्या वेळचे रुग्ण तपासलेही असतील.

काविळीच्या या प्रकारात संसर्गापासून लक्षणांपर्यंत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे जातात. टायफॉइडला सामान्यतः एक ते तीन आठवडे लागतात. कॉलऱ्यात मात्र काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचाच अवधी असतो. हे आकडे आपणास तोंडपाठ आहेत, पण आमच्या दृष्टीने त्यांचा अर्थ निराळा आहे. कॉलऱ्याचा रुग्ण कालच्या पाण्याबद्दल बोलतो, टायफॉइडचा रुग्ण गेल्या पंधरवड्यातील पाण्याबद्दल, आणि काविळीचा रुग्ण गेल्या महिन्यातील. काविळीची साथ सुरू झाल्यावर आज नळाचे पाणी तपासून ते शुद्ध निघाले, म्हणून अभियंत्याने हात झटकणे योग्य नाही. त्याने आपली नोंदवही सहा आठवडे मागे उलगडून त्या काळात कोठे वाहिनी फुटली होती, कोठे नवी जोडणी झाली, कोणत्या दिवशी पंप बंद होते, हे पाहिले पाहिजे.

वाहिनी रिकामी झाली की

आतापर्यंतचे विवेचन शुद्धीकरण केंद्रापुरते झाले. प्रत्यक्षात आपल्याकडील शहरांत केंद्रातून बाहेर पडणारे पाणी बहुधा चांगले असते. ते बिघडते वाटेत.

बेळगावला राकसकोप व हिडकल येथून येणारे पाणी असो, वा अन्य कोणत्याही गावचे. आपल्या पिढीने नळाला पाणी ठराविक वेळीच येताना पाहिले आहे. पाणी सोडण्याची वेळ संपली, चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला, की उताराच्या भागातील लोक राहिलेले पाणी ओढून घेतात आणि चढावरच्या वाहिनीत पोकळी निर्माण होते. त्यात कोणी मोटर लावून पाणी खेचत असेल तर ती अधिकच वाढते. एरवी गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. दाब नाहीसा झाला की त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत येते. पाइपालगत गटार असले, घरजोडणी गटारातून ओलांडून नेलेली असली (आणि जुन्या गल्ल्यांत ती तशीच असते), तर आत काय येते हे सांगण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते तेव्हा पहिला लोट हा सारा मळ घेऊन प्रथम येईल त्या घरात उतरतो. आपल्या आजीबाई पहिली बादली अंगणात ओतून टाकीत. त्यामागे एवढे शास्त्र होते.

हे केवळ तर्काने सांगत नाही. कर्नाटकातील नागरी पाणीपुरवठा सुधारणा प्रकल्पात २००८ साली बेळगाव, हुबळी-धारवाड व गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पाणी देण्यास सुरुवात झाली. त्यामुळे एकाच शहरात दोन प्रकारचे पुरवठे शेजारी शेजारी चालू राहिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये या दोन्ही भागांतील नळांचे पाणी वर्षभर तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ठराविक वेळी पाणी येणाऱ्या भागातील ३१.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय आढळला, चोवीस तास पाणी असणाऱ्या भागात तो ०.७ टक्के नमुन्यांतच होता. फरक पडला तो मुख्यतः वाहिनीतील दाबाने.

या पाहणीची दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. घरात साठवलेल्या पाण्याचे नमुने दोन्ही भागांत नळाच्या पाण्यापेक्षा वाईट निघाले. चोवीस तास पाणी असूनही बहुतेक कुटुंबांनी पिण्याचे पाणी भरून ठेवण्याची सवय सोडली नव्हती. २०१५ साली याच शहरांतील कुटुंबांविषयी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, लहान मुलांच्या एकूण जुलाबांत दोन भागांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. रक्तमिश्रित जुलाब मात्र चोवीस तास पाणी असलेल्या भागात कमी होते, आणि टायफॉइड झालेल्या कुटुंबांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी होते. साधा अतिसार हात, माश्या, उघडे अन्न अशा अनेक वाटांनी येतो. टायफॉइडची वाट मात्र या शहरांत बऱ्याच अंशी नळातून जात होती, असा मी याचा अर्थ लावतो. आपले मत वेगळे असल्यास ते ऐकण्यास मी उत्सुक आहे.

एक दूरध्वनी

आता जे उदाहरण सांगणार आहे ते कॅनडातील आहे. ते निवडण्याचे कारण असे की, त्या घटनेची न्यायालयीन चौकशी अतिशय बारकाईने झाली, आणि डॉक्टर व पाणीखाते यांच्यात काय घडले याचा दिवसागणिक तपशील उपलब्ध आहे.

ओंटारिओ प्रांतातील वॉकर्टन हे सुमारे ४,८०० वस्तीचे गाव. मे २०००च्या दुसऱ्या आठवड्यात तेथे मुसळधार पाऊस झाला. गावाच्या एका उथळ विहिरीत जवळच्या शेतातील शेणखताचा अंश उतरला. क्लोरीन पुरेसे असते तर बहुधा काही बिघडले नसते. परंतु ते पुरेसे घातले जात नव्हते. तेथील कर्मचारी स्वतः विहिरीचे कच्चे पाणी पीत, ते उत्तम आहे अशी त्यांची श्रद्धा होती, आणि लोकही क्लोरीनच्या वासाबद्दल तक्रार करीत. मात्र रोजच्या तक्त्यात उर्वरित क्लोरीनचा आकडा न मोजताच लिहिला जाई: ०.५ किंवा ०.७५. (कोणत्याही देशातील अनुभवी अभियंता हा तक्ता ओळखेल. ज्या नोंदवहीत वर्षभर एकच आकडा आहे, ती मला अधूनमधून शून्य दाखवणाऱ्या नोंदवहीपेक्षा अधिक संशयास्पद वाटते.)

१७ मे रोजी प्रयोगशाळेने पाण्यात ई. कोलाय असल्याचे पाणीखात्याच्या व्यवस्थापकाला कळवले. त्याने ते कोणालाच सांगितले नाही. प्रयोगशाळा खासगी होती. आरोग्य विभागाला परस्पर कळवण्याचे तिच्यावर बंधन नव्हते.

१८ मे रोजी शेजारच्या ओवेन साउंड गावातील रुग्णालयात एका बालरोगतज्ज्ञ महिलेकडे रक्तमिश्रित जुलाबाची दोन मुले आली. एक नऊ वर्षांची मुलगी, एक सात वर्षांचा मुलगा. दोन रुग्ण म्हणजे फार नव्हेत. तरी त्यांनी मुले कोठली, कोणत्या शाळेतली, याची चौकशी केली. दोघेही वॉकर्टनचे, एकाच शाळेतले. कोणताही अहवाल हाती येण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशी त्यांनी आरोग्य विभागाला दूरध्वनी केला. आरोग्य विभागाने पाणीखात्याला विचारले. पाणी ठीक आहे, असे उत्तर मिळाले. ते उत्तर दोनदा मिळाले.

२१ मे रोजी आरोग्याधिकाऱ्यांनी, पाणीखात्याच्या ग्वाहीकडे दुर्लक्ष करून, पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला. तोपर्यंत रुग्ण साऱ्या गावभर पसरले होते; नकाशावर खुणा केल्यावर त्यांचा विस्तार जलवाहिन्यांच्या जाळ्याशी जुळला. ७ माणसे दगावली, २,३०० हून अधिक आजारी पडली. न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या २००२ सालच्या चौकशी अहवालात म्हटले आहे की, १९ तारखेलाच खरे सांगितले गेले असते तर ३०० ते ४०० जणांचा आजार टळला असता.

त्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी केलेले काम वैद्यकीय दृष्टीने फार मोठे नव्हते: दोन रुग्णांना पत्ता विचारला आणि एक फोन केला. परंतु गावात त्या क्षणी चालू असलेले एकमेव विश्वसनीय मापनयंत्र त्या होत्या.

फोन आल्यावर काय होते

आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आहे, त्यात डॉक्टरांनी भरावयाचा 'पी' फॉर्म आहे, आणि आता ही माहिती संगणकावरून जाते. ते सर्व व्हावेच. पण कागद जिल्ह्यापर्यंत जाऊन पुन्हा पाणीखात्यापर्यंत खाली यायला वेळ लागतो, आणि खासगी दवाखान्यांतून तो बऱ्याचदा निघतही नाही. म्हणून आरोग्याधिकाऱ्यांना कळवतानाच आपल्या विभागाच्या पाणी अभियंत्यालाही थेट सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

रोगाचे निश्चित निदान होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. आम्हाला निदानापेक्षा पत्ता महत्त्वाचा. कोणती गल्ली, लक्षणे कोणत्या तारखेस सुरू झाली, घरात नळाचे पाणी की बोअरचे, आणि शेजारी कोणी आजारी आहे काय, एवढे पुरे. एकाच घरातील चौघे आजारी असतील तर दोष कदाचित लग्नातील जेवणाचा असेल. परंतु एकाच गल्लीतील तीन वेगळ्या घरांतील, वेगळ्या वयाची माणसे चार दिवसांत आली, तर पाण्यावर संशय घ्यावा. रुग्णाचे नाव आम्हाला नको. ते गुप्त राहावे हेच योग्य.

फोन आला की जाणता अभियंता प्रथम क्लोरीनची पेटी घेऊन त्या गल्लीत जातो, आणि पाणी सुटण्याच्या वेळी जातो, कारण पहिला लोट निघून गेल्यावर पुरावाही निघून जातो. जलकुंभापासून शेवटच्या घरापर्यंत तो नळानळाला चाचणी करीत येतो. जलकुंभाशी ०.६, चौकात ०.५, देवळापाशी ०.४, आणि पुढच्या दोन नळांना शून्य, असे आढळले तर दोष देवळाच्या पुढे आहे. तेथे गटार ओलांडणारी जोडणी शोधायची आणि खणायचे.

यापुढचा निर्णय त्याच्या नोकरीतील सर्वांत अवघड असतो. पाणी बंद करावे काय? बंद केले तर लोक जवळच्या उघड्या विहिरीवर वा खात्री नसलेल्या टँकरवर जातात. वाहिनी रिकामी राहून आणखी घाण आत ओढते. चालू ठेवले तर प्रत्येक तासाला नवी घरे बाधित होतात. उकळून पिण्याचा इशारा द्यावा, तर संशय खोटा ठरल्यास पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही, आणि वरिष्ठ व पुढारी दोघेही विचारतात की पुरावा कोठे आहे. जिवाणू परीक्षणाचा पुरावा तर परवा येणार! माझे मत स्पष्ट आहे: तेवढा भाग वेगळा करून दुरुस्तीला घ्यावा, तेथे खात्रीचा टँकर पाठवावा, आणि उकळण्याचा इशारा त्याच दिवशी, अहवालाची वाट न पाहता द्यावा. या घडीला एखाद्या परिचित डॉक्टरने, माझ्याकडे तीन रुग्ण आहेत, असे लेखी दिले तर त्या अभियंत्याला केवढा आधार मिळतो, याची आपणास कल्पना नसेल.

दुरुस्तीनंतर वाहिनीत जादा क्लोरीनचे पाणी काही काळ भरून ठेवतात, ते सोडून देतात, मग सलग काही दिवस नमुने घेतात. नमुने स्वच्छ आले तरी आपल्याकडे टायफॉइडचे रुग्ण आणखी दोन-तीन आठवडे येत राहतील. ते जुन्या पाण्याचे आहेत. मात्र चौथ्या आठवड्यानंतर त्याच गल्लीतून नवा रुग्ण आला, तर आम्ही खणलेल्या खड्ड्याखेरीज आणखी एक गळती तेथे आहे असे समजून पुन्हा फोन करावा.